न धुतलेले बगळे

सोमवार, २६ एप्रिल १९५४

साबण विकायला येणाऱ्या माणसानं ही डायरी फुकट दिली. प्रत्येक पानाखाली त्याच्या साबणाची तारीफ छापलेली आहे. एरवी मी लिहिणारी बाई नव्हे. पण आज सांगण्यासारखं घडलं आणि ऐकायला कुणी नाही. माझा नवरा नील्स जाऊन सहा वर्षं झाली, आणि ओपल ऐकायच्या अवस्थेत नाही. ओपल माझ्या लाँड्रीत अकरा वर्षं इस्त्री करते, त्यातली निदान दहा रेडिओला कान लावून.

झालं असं की गावच्या बेसबॉल संघाचे, म्हणजे हेरन्सचे, कपडे धुवायचं काम मला मिळालं. क्लबचे अध्यक्ष हौगेन स्वतः दुकानात आले. त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे आणि ते खिळे मोजल्यासारखं सावकाश बोलतात.

"मिसेस रासमुसेन, लीगनं पत्र पाठवलंय. आठ संघ म्हणे फार झाले. यंदा जो आठवा येईल त्यानं गाशा गुंडाळायचा. आणि आम्ही सलग चार वर्षं आठवे."

"मग यंदा पहिले या."

"तेवढी हाव नाही हो आम्हाला. सातवे आलो तरी डोक्यावरून पाणी."

संघाचं नाव बगळ्यावरून, कपडे पांढरेशुभ्र, छातीवर एका पायावर उभा निळा बगळा. जोड एकच. दुसरा घ्यायची क्लबची ऐपत नाही. मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. मला दर आठवड्याला मळके कपडे मिळाले की झालं.

शुक्रवार, ७ मे

घात झाला.

मी बावीस वर्षं इस्पितळाच्या चादरी आणि कागद गिरणीतल्या कामगारांचे एप्रन धुते. सगळं भट्टीत जातं, सगळं उकळतं. परवा हेरन्सची पोती आली तेव्हा हात सवयीनं चालले. पोतं उपडं केलं, झाकण लावलं. झाकण काढलं तेव्हा ओपल किंचाळली. कपडे लोकरीचे होते. अठरा शर्ट, अठरा पँटी, सगळे आटून शाळकरी पोरांच्या मापाचे झालेले. लोकर उकळायची नसते हे मला कळत नाही असं नाही. हातांना कळलं नाही.

संघाचे मॅनेजर कपडे न्यायला आले. हे वॉल्ट कोपेकी. वय एक्केचाळीस, मॅनेजरही तेच आणि फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारे कॅचरही तेच, कारण दोन माणसांचा पगार परवडत नाही. गुडघे बैलगाडीसारखे वाजतात. त्यांनी एक शर्ट उचलून उजेडात धरला. मी मान खाली घातली. नील्स गेल्यानंतर इतकी शरम मला कशाचीच वाटली नव्हती.

"मॅडम," ते म्हणाले, "खेळाडू आणखी थोडे उकळता येतील का? म्हणजे माप जमेल."

मला वाटलं, चिडलेत. वर पाहिलं तर हसत होते.

शनिवार, ८ मे

पहिला सामना. ओपल जाऊन आली. डुई टल नावाचा आमचा मुख्य पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, सहा फूट पाच इंच आहे, त्याच्या बाह्या कोपराशी संपत होत्या आणि बेंबी दिसत होती. समोरचा संघ हसून हसून बेजार झाला. हसता हसता हरला, सहा विरुद्ध एक.

आता कोपेकींनी निरोप पाठवलाय की कपडे सैल करायचे नाहीत, शिवण उसवायची नाही, आटलेत तेच शुभ. मी त्यांना भरपाई देऊ केली होती. त्यांनी उलट फुलं पाठवली. ही माणसं वेडी आहेत.

मंगळवार, २५ मे

शुभ वगैरे काही नाही. त्यानंतर चौदा सामने, बारा हरले. आठवे आहोत.

कोपेकी दर मंगळवारी येतात. त्यांच्या शर्टाचं एक बटण तुटलेलं असतं. मी लावून देते. तेवढ्यात कॉफी होते, बदामाचा केक असतो, आणि ते तासभर बसतात. बहुतेक हौगेनना टाळत असावेत. हरणाऱ्या माणसाला बसायला जागा लागते.

मंगळवार, ८ जून

पुन्हा बटण. मी गेल्या वेळी मेण लावलेला दुहेरी दोरा घातला होता, त्यावर घोडा बांधला तरी तुटला नसता. आणि नवल म्हणजे दोरा तुटलेला नसतो, कापलेला असतो, कात्रीनं कापावा तसा. मी त्यांना सावध केलं. म्हटलं, "कॅचरच्या छातीपाशी काहीतरी धारदार आहे, मिस्टर कोपेकी, एक दिवस इजा होईल." ते कानापर्यंत लाल झाले आणि तिसरी कॉफी प्यायले.

इस्त्रीच्या मेजामागे ओपलला खोकल्याची उबळ आली. वाफेचा त्रास होतो तिला.

रविवार, १३ जून

ओपलनं ओढून सामन्याला नेलं. तीन तास लाकडी बाकावर बसले. सॉसेज खाल्लं. आम्ही हरलो.

पण एक गंमत झाली. खेळ कळेना म्हणून मी कपडे बघत बसले, आणि मला सगळे ओळखीचे निघाले! चेहरा पाहिला नव्हता तरी डाग पाहिले होते. मैदानाच्या तिसऱ्या कोपऱ्यावर, म्हणजे तिसऱ्या बेसवर, खेळतो तो बर्नी झुक. त्याच्या पँटीची डावी बाजू दर आठवड्याला मातीनं लडबडलेली असते आणि उजवी कोरी. आज दिसलं का ते. तो घसरत बेस गाठतो तेव्हा दर वेळी डावीकडेच घसरतो. समोरच्यांनाही ते ठाऊक होतं. ते चेंडू घेऊन आधीच तिथं बसले होते, जावयाची वाट पाहावी तसे.

मंगळवार, १५ जून

बटण लावता लावता कोपेकींना झुकचं सांगितलं. मला वाटलं हसतील. त्यांनी कप खाली ठेवला.

"आणखी काय दिसतं तुम्हाला?"

"विशेष काही नाही. तो तुमचा उंच टल. त्याच्या उजव्या गुडघ्याला माती असते त्या आठवड्यात तो जिंकलेला असतो. गुडघा स्वच्छ असला की हरलेला. धुवायला सोपं जातं, म्हणून लक्षात राहिलं."

कोपेकींनी स्वतःच्या गुडघ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "चेंडू टाकताना वाकला की गुडघा जमिनीला घासतो. दमला की वाकत नाही. मी एवढ्या जवळून बघतो, मॅडम, आणि मला दिसलं नाही."

"तुम्ही चेंडू बघता. मी पँट धुते."

त्यांनी वही काढली आणि लिहून घ्यायला लागले. माझ्या बोलण्यातलं काही कुणी लिहून घेण्याची ही पहिलीच वेळ. ते गेल्यावर मी उगाच केस नीट केले. उकाडा फार होता.

रविवार, २५ जुलै

सलग सहा विजय! झुक आता उजवीकडेही घसरतो. टलचा गुडघा पाचव्या डावात जमिनीला लागेनासा झाला की कोपेकी त्याला बसवतात आणि दुसऱ्याला आणतात. खेळाडू मात्र श्रेय आटलेल्या कपड्यांना देतात. देवोत बापडे.

पण माझ्या धंद्याचं काय? बेसबॉलवाल्यांचा एक नियम आहे, आणि तो मला आधी कुणी सांगितला नव्हता. जिंकत असताना कपडे धुवायचे नाहीत. धुतले की नशीब धुतलं जातं. आठवडाभर वाट पाहिली, पोतं आलंच नाही. मी स्वतः मैदानावर गेले तर झुक पोत्यावर बसून राहिला.

"हात लावू नका, मॅडम. पाया पडतो."

"अरे, कपडे आहेत की खत?"

"विजय आहेत, मॅडम. सहा."

म्हणजे हे हरले तर मला काम, आणि हरतच राहिले तर संघच बंद, म्हणजे काम कायमचं बंद. विचार करून डोकं दुखायला लागलं. शेवटी असं ठरवलं की जिंकू देत.

शनिवार, ७ ऑगस्ट

दहा विजय. सातवे आलो आहोत! गाव आनंदात आहे, फक्त वारा जिकडून येतो त्या बाजूला उभं राहून. तीन आठवडे उन्हात घामेजलेली लोकर. कॅचरच्या मागे उभा राहणारा अंपायर आता दोन पावलं मागे आणि एक पाऊल बाजूला उभा राहतो. पाहुण्या संघाचे खेळाडू आमच्या बेसवर थांबायला मागत नाहीत, त्यामुळे बाद होतात. ओपल म्हणते, हेही डावपेचच.

पण परवा चर्चच्या पायरीवर डॉक्टरांची बायको म्हणाली, "हेरन्सचे कपडे तुमच्याकडेच असतात ना हो धुवायला?" आणि रुमाल नाकाला लावला. नील्सच्या नावाची पाटी आहे दुकानावर. मला रडू आलं.

कोपेकींच्या मानेवर घामोळं उठलंय, रक्त येईस्तोवर. "धुऊ देत ना मला," म्हटलं. "पोरांचा विश्वास आहे, मॅडम," म्हणाले. "तो गेला तर बाकी काही उरत नाही आमच्याकडे." दोन दिवस मैदानावर गुरांचं प्रदर्शन आहे, सामना मंगळवारी. फाटकं शिवायला म्हणून त्यांनी पोतं माझ्याकडे दिलं. फक्त शिवायला, असं दोनदा सांगितलं.

रविवार, ८ ऑगस्ट

सगळं गाव चर्चला गेलं असताना मी धुतले.

राहवलंच नाही मला. गार पाणी, मऊ साबण, तीन पाणी बदलली. पहिलं पाणी नदीला पूर यावा तसं काळं. मागच्या अंगणात चादरींच्या आडोशाला वाळत घातले. बगळे पुन्हा पांढरे झाले आणि मला दहा मिनिटं स्वर्ग दिसला. मग ओपल आली.

"थेक्ला! तू दहा विजय धुऊन टाकलेस!"

"ओरडू नकोस."

"गावात राहायचंय ना तुला? मला राहायचंय! संघ गेला तर उन्हाळ्यात मी काय ऐकू, हवामान?"

"मला सगळे डाग पाठ आहेत," मी म्हटलं. "परत लावू."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग बाह्या सावरून तिनं मैदानावरून बादलीभर माती आणली. झुक, दोन्ही बाजू. टल, उजवा गुडघा, बटाट्याएवढा. डावीकडच्या मैदानवाल्याच्या ढोपराला गवत. पहिल्या बेसवाल्याच्या छातीवर मोहरीची चटणी, सॉसेजमधून पडलेली, १७ जुलैची. बावीस वर्षं डाग काढले, आज पहिल्यांदा लावले, आणि सांगते, लावणं जास्त कठीण आहे. कोपेकींच्या शर्टावर तंबाखूचा ओघळ होता. तंबाखू कुठून आणणार? काकवी आणि कॉफी मिसळून लावली. हुबेहूब.

हसता हसता आमच्या पोटात दुखायला लागलं. चर्चची घंटा झाली तेव्हा आम्ही दोघी कोपरापर्यंत मातीत.

मंगळवार, १० ऑगस्ट

जिंकलो. अकरा!

मी सबंध सामना देवाचं नाव घेत होते. कुणाला काही कळलं नाही. फक्त तिसऱ्या डावापासून मधमाश्या कोपेकींच्या मागे लागल्या आणि शेवटपर्यंत हटल्या नाहीत. बिचारे एका हातानं चेंडू झेलत होते, दुसऱ्यानं माश्या हाकलत होते.

सामन्यानंतर मला गाठून म्हणाले, "आज मान फार बरी वाटतेय, मॅडम. खाज थांबली."

"हवा पालटली असेल," मी म्हटलं.

"असेल. तंबाखू मी गेल्या महिन्यातच सोडली, पण डाग मात्र आज ताजा वाटतोय. आणि गोड आहे." बोट चाटलं आणि हसत गेले. माणसं दमली की काहीही बोलतात. निभावलं म्हणायचं.

रविवार, २९ ऑगस्ट

निभावलं नाही. बारावा सामना हरलो, मग पोतं रीतसर धुवायला आलं, आणि तेव्हापासून हरतोच आहोत. टलचा खांदा दुखावलाय. पाइन लेकचा संघ आमच्या मागे होता, आता बरोबरीनं आहे. शेवटचा सामना त्यांच्याशीच, सोमवारी सहा तारखेला. जो हरेल तो आठवा.

मी धुतले म्हणून असं झालं का? ओपल म्हणते, नाही, त्यानंतरही एक जिंकलो होतो. पण ती हे फार पटकन म्हणाली.

कोपेकी या आठवड्यात आले नाहीत. मंगळवारी केक केला होता. तसाच राहिला. एवढा मोठा केक एकटीला कशाला करते मी, कुणास ठाऊक. संघ गेला तर ते नेब्रास्काला भावाच्या शेतावर जाणार आहेत असं हौगेन म्हणाले. मी म्हटलं, शेती चांगली. आणि मग मी इस्पितळाच्या चादरींना दोनदा नीळ घातली.

शुक्रवार, ३ सप्टेंबर

लपवून ठेवण्यात अर्थ नव्हता. मैदानावर गेले आणि सगळ्या खेळाडूंसमोर सांगून टाकलं. मी आठ ऑगस्टला कपडे धुतले, खोटे डाग लावले, तुमचं नशीब मी घालवलं, मला माफ करा. 

झुकनं टलला कोपरानं ढोसलं. मग टल म्हणाला, "आम्हाला माहीत आहे, मॅडम."

"कसं?"

"तुम्ही माझा गुडघा फार देखणा केला होतात. माती अशी गोल लागत नाही."

"आणि माझी मोहरी सतरा जुलैची जागा सोडून चार बोटं वर होती," पहिल्या बेसवाला म्हणाला.

"मग बोलला का नाहीत?"

"बॉसनं सांगितलं होतं," झुक म्हणाला. "म्हणाला, जो कुणी तोंड उघडेल त्याला बाकावर बसवीन. म्हणाला, त्या बाईनं आपल्यासाठी स्वतःचा धंदा मातीत घातलाय, खरोखरच्या मातीत. आता जिंकून दाखवा."

कोपेकी कोपऱ्यात हातमोज्याची वादी आवळत बसले होते. वर बघेचनात. आधीच आवळलेली वादी पुन्हा आवळत होते.

सोमवार, ६ सप्टेंबर

घाईत लिहितेय, अक्षर लागलं नाही तरी चालेल.

सप्टेंबरातल्या कामगार दिनाची सुटी, सगळं गाव मैदानात. शुभ्र धुतलेले कपडे घालून उतरले सगळे. खेळाडूंनीच तसं मागितलं होतं. टल दुखऱ्या खांद्यानं सात डाव उभा राहिला. दोनदा कोपेकी त्याच्याकडे चालत गेले, दोनदा त्यानं गुडघ्यावरची माती दाखवली आणि त्यांना परत पाठवलं. आम्ही तीन, ते तीन. आठव्या डावात कोपेकींनी चेंडू मारला. फार लांब नाही, त्यांच्या वयाला शोभेल एवढाच. पण झुक तेवढ्यात धावत आला, शेवटी उजवीकडून घसरला, आणि आम्ही चार.

नववा डाव, शेवटचा. त्यांचे दोन बाद, आणखी एक बाद की सामना आमचा. एक माणूस दुसऱ्या बेसवर. तो कोपेकींच्या पुढ्यातल्या प्लेटवर, म्हणजे घरी, पोचला तर बरोबरी, आणि आमच्याकडे चेंडू टाकायला धड खांद्याचा एकही माणूस उरला नव्हता. फटका उजवीकडे गेला. तो धावत सुटला. चेंडू परत आला तो लांबून, एक टप्पा खाऊन. कोपेकी वाटेत गुडघे टेकून बसले. त्या गुडघ्यांवर! तो धावणारा लाकूडवखारीतला माणूस, दाराएवढा रुंद. असा आदळला की आवाज मला बाकावर ऐकू आला.

धूळ. काही दिसेना. अंपायर वाकून विचारतोय, "चेंडू कुठाय? चेंडू दाखवा!" आणि कोपेकी पालथे पडलेले, हलत नव्हते.

पुढचं मला आठवत नाही. ओपल म्हणते, मी कुंपणावरून उडी मारली. माझं वय बेचाळीस आहे आणि पायात चर्चचे बूट होते. मला आठवतंय ते एवढंच, की मी धुळीत गुडघे टेकलेत आणि संघ, लीग, सातवा, आठवा, सगळं गेलं खड्ड्यात.

मग अंगाखालून एक हात बाहेर आला. त्यात चेंडू होता.

अंपायरनं मूठ उगारली. बाद! सगळं गाव कोसळलं मैदानात. कोपेकींनी एक डोळा उघडला.

"मॅडम, शर्ट फाटला. खांद्यापासून पार खालपर्यंत."

"फाटू दे मेला!" मी ओरडले. "वॉल्ट, तुला लागलं का ते सांग!"

बोलून गेले आणि मग ऐकू आलं.  अंपायर शहाणा माणूस, तोंड फिरवून प्लेटवरची धूळ झाडत बसला.

मंगळवार, ७ सप्टेंबर

मिरवणूक निघाली. आगीच्या बंबावर खेळाडू, पुढे शाळेचा बँड, हौगेन तर भाषणात रडले. कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपावर शिकागोची गाडी थांबली होती. गाडीतल्या गृहस्थांनी ओपलला विचारलं, "काय हो, अजिंक्यपद मिळालं वाटतं?"

"नाही. सातवे आलो."

"किती जणांत?"

"आठ."

ते बावचळले. ओपल म्हणाली, "एवढं काय बघताय? आठवेही आलो असतो!"

लीगचं पत्र दुपारी आलं. पुढच्या वर्षी हेरन्स आहेत. वॉल्टच्या दोन बरगड्यांना चीर गेलीय, छातीला पट्टा आहे, आणि हौगेननी त्याला हिवाळाभर दुकानात बर्फ उपसायची फावडी विकायला ठेवलंय. नेब्रास्काचं तिकीट त्यानं परत केलं. हे त्यानं मला दारातच उभं राहून सांगितलं, टोपी हातात फिरवत, जसं काही फावड्यांचीच बातमी देतोय.

"इथला हिवाळा सोसणार नाही तुला," मी म्हटलं. "गुडघे धरतील."

"धरू देत."

"एकटा राहणार कुठे?"

"एकटा राहायचंच नाहीये, थेक्ला. तेच विचारायला आलोय, पण हसलो की बरगडी दुखते, आणि तू हो म्हणालीस तर मला हसू येणार."

मी त्याला आत घेतलं. हो म्हणाले, आणि तो ओरडला, अगदी खरंच दुखून. ओपलनं पलीकडून रेडिओ बंद केला. अकरा वर्षांत तिनं असं कधी केलं नव्हतं.

आता तो समोर बसलाय, पट्ट्यामुळे ताठ, केकचा तिसरा तुकडा खातोय आणि विचारतोय, एवढं काय लिहितेस. मी म्हटलं, धुण्याची यादी. म्हणाला, त्यात माझं काय काय आहे? मी पान उलटून बघितलं, आणि सगळंच त्याचं निघालं.